अडाक बेटावरचं चारपानी दैनिक: एक प्रकरण अभ्यास

दूरच्या ठाण्यावर अडकलेल्या माणसांचं मन कसं राखायचं, हा प्रश्न सैन्यापुरता नाही. तेलविहिरींचे फलाट, धरणांच्या वसाहती, हवामान केंद्रं, लांबच्या फेऱ्यांवरची जहाजं, सगळीकडे तो येतो. त्यावर हमखास सुचणारं उत्तर म्हणजे ‘एखादं वार्तापत्र काढू या, थोडे विनोद टाकू या’. बहुतेक वेळा ते दोन-तीन अंकांत आटपतं. दुसऱ्या महायुद्धात एल्यूशियन बेटांवर निघालेलं ‘द अडाकियन’ हे पत्र आटपलं नाही. ते का टिकलं आणि कोणत्या निर्णयांमुळे टिकलं, ते इथे मांडतो. साध्या शिपायांची नावं घेतलेली नाहीत. ज्यांची नावं आधीच सार्वजनिक नोंदीत आहेत, तेवढीच आली आहेत.

पार्श्वभूमी

अलास्काच्या नैर्ऋत्य टोकापासून आशियाच्या दिशेने एल्यूशियन बेटांची माळ गेली आहे. अडाक तिच्या मध्यभागी येतं, अँकरेजपासून सुमारे १९०० किलोमीटरवर. बेटावर मूळचं एकही झाड नाही. जमीन दलदलीची, वर गवत आणि शेवाळ. थंडी उत्तर ध्रुवासारखी कडक नाही, पारा शून्याच्या आसपास घुटमळतो, पण ओल कधी संपत नाही. पाऊस सरळ न पडता आडवा येतो. डोंगरावरून अचानक कोसळणाऱ्या वाऱ्याला तिथे ‘विलीवॉ’ म्हणतात आणि त्याचा वेग ताशी १६० किलोमीटरच्याही वर जातो. त्यातही तिथे वारा आणि धुकं एकाच वेळी असू शकतात.

जून १९४२ मध्ये जपानने याच माळेतली किस्का आणि अट्टू ही बेटं घेतली. त्यांच्यावर हल्ला करायला जवळचा विमानतळ हवा म्हणून ३० ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिकी सैन्य अडाकवर उतरलं. इंजिनिअरांनी भरतीचं पाणी शिरणारी एक खाजण बांध घालून कोरडी केली, तिच्यावर पोलादी जाळ्या अंथरल्या आणि १४ सप्टेंबरला तिथून उडालेल्या विमानांनी किस्कावर बाँब टाकले.

मे १९४३ मध्ये अट्टू परत घेतलं गेलं. त्यात ५४९ अमेरिकी सैनिक मेले आणि थंडी-ओलीने जायबंदी झालेल्यांची संख्या त्याच्या दुपटीहून जास्त होती. ऑगस्टमध्ये सुमारे ३४ हजारांचं सैन्य किस्कावर उतरलं, तेव्हा बेट रिकामं होतं. जपानी सैन्य जुलैअखेरीस धुक्याचा फायदा घेऊन निघून गेलं होतं. तरीही एकमेकांवर झालेल्या गोळीबारात आणि मागे पेरलेल्या सुरुंगांत माणसं गेलीच.

या बेटांचे मूळ रहिवासी, उनांगन लोक, यांतलं काही पाहायला तिथे उरले नव्हते. अमेरिकी सरकारने १९४२ मध्येच नऊ गावांतल्या ८८१ जणांना उचलून आग्नेय अलास्कातल्या पडक्या मासळी-कारखान्यांत नेऊन ठेवलं होतं आणि तिथे त्यांचे फार हाल झाले. अट्टूच्या रहिवाशांना जपान्यांनी कैदी करून जपानला नेलं. त्यामुळे सैनिकांच्या आजूबाजूला गाव नव्हतं, बाजार नव्हता, बायका-मुलं नव्हती. हे तिथल्या एकटेपणाचं वर्णन करताना विसरून चालत नाही.

अडचण

किस्का संपलं आणि युद्ध दुसरीकडे निघून गेलं. इटली, मध्य प्रशांत महासागर, पुढे नॉर्मंडी. अडाकवर मात्र हजारो सैनिक राहिले. गोदामं, धक्का, विमानतळ, रडार सांभाळायचं, लोखंडी पत्र्याच्या अर्धगोल झोपड्यांत झोपायचं, चिखल तुडवायचा. परत कधी जायला मिळणार ते कोणीच सांगत नव्हतं.

पत्रं सेन्सॉर होत, आपण कुठे आहोत हे घरी लिहिता येत नसे. वार्ताहरांवरही कडक बंधनं होती, म्हणून एल्यूशियनची लढाई मायदेशात फारशी कोणाला ठाऊकच झाली नाही. आपल्याला कोणी विचारत नाही, ही भावना नुसत्या कंटाळ्याहून जास्त खोल जाते. बाहेरून येणारी मासिकं, वर्तमानपत्रं हवामानाच्या मर्जीवर यायची आणि हातात पडेपर्यंत शिळी झालेली असायची. बातमीची जागा अफवा घेते, तसंच झालं असणार.

विनोद होताच, आणि भरपूर होता. ‘एल्यूशियनमध्ये प्रत्येक झाडामागे एक बाई आहे’ हे वाक्य नव्याने आलेल्या प्रत्येकाला ऐकवलं जाई. झाडं किती, हे तो बोटीतून उतरताच पाहत असे. मला या वाक्यात पुढच्या सगळ्या प्रकरणाचं बीज दिसतं. माणसं स्वतःच्या हलाखीवर हसत होती, पण ते हसू प्रत्येक झोपडीत वेगवेगळं अडकलेलं होतं. सगळ्या बेटाने एकाच दिवशी एकाच गोष्टीवर हसावं, अशी जागा नव्हती.

समोरचे पर्याय

त्या काळी अमेरिकी सैन्यात यावर तीन-चार वाटा चालू होत्या.

पहिली वाट म्हणजे बाहेरून येणाऱ्यावर भागवायचं. ‘यँक’ हे सैनिकांचं साप्ताहिक जून १९४२ पासून निघत होतं आणि ते उत्तम होतं. छावण्यांच्या पत्रांना तयार व्यंगचित्रं, मजकूर पुरवणारी सरकारी सेवाही होती. पण त्यात अडाकचा चिखल नव्हता.

दुसरी वाट, प्रसिद्धी अधिकाऱ्याच्या हाताखाली अधिकृत बुलेटिन काढायचं. यात चूक व्हायची भीती सगळ्यात कमी, आणि वाचलं जाण्याची शक्यताही सगळ्यात कमी. वरून उतरलेला विनोद खालची माणसं वाचतात, पण हसत नाहीत.

तिसरी म्हणजे तुकड्यांनी आपापली पत्रकं काढायची. ती जगभर निघत होती. लेखक आणि वाचक एकमेकांना ओळखतात, हे त्यांचं बळ. मात्र लिहिणाऱ्याची बदली झाली की पत्रक बंद.

चौथी वाट धाडसाची होती. साध्या शिपायांच्या हाती सगळ्या ठाण्याचं रोजचं पत्र द्यायचं, त्यात जगाच्या खऱ्या बातम्या आणि बेटाचा विनोद एकत्र आणायचा, आणि अधल्यामधल्या अधिकाऱ्यांना त्यात हात घालू द्यायचा नाही. यात धोका उघड आहे. एखाद्या कर्नलला एखादं चित्र झोंबलं, तर आवरणार कोण? हा धोका कल्पनेतला नव्हता. पुढे १९४५ मध्ये युरोपात बिल मॉल्डिन या सार्जंटच्या मळक्या, दाढी वाढलेल्या सैनिकांच्या व्यंगचित्रांवर जनरल पॅटन भडकले, मॉल्डिनला समोर बोलावून झापलं. युरोपातले सर्वोच्च सेनापती आयझेनहॉवर यांनी पाठराखण केली म्हणून ती चित्रं वाचली.

अडाकचे प्रमुख ब्रिगेडियर जनरल हॅरी थॉम्प्सन यांनी ही चौथी वाट घेतली.

काय केलं

पहिला निर्णय माणसाचा. डॅशिएल हॅमेट सप्टेंबर १९४३ मध्ये अडाकवर आले होते. गुप्तहेर कथांच्या जगातलं हे मोठं नाव, शेवटची कादंबरी १९३४ मध्ये निघून गेलेली, पहिल्या महायुद्धात क्षय जडलेला. तरी १९४२ मध्ये वयाच्या ४८ व्या वर्षी ते साधे शिपाई म्हणून पुन्हा भरती झाले. अडाकवर आले तेव्हा त्यांचा हुद्दा कॉर्पोरलचा. आजूबाजूची पोरं त्यांच्या मुलांच्या वयाची, ती त्यांना ‘पॉप’ म्हणत. जनरलने त्यांना पत्र काढायला सांगितलं आणि जानेवारी १९४४ मध्ये ‘द अडाकियन’ सुरू झालं.

नाव मोठं म्हणून ही निवड यशस्वी झाली असं म्हणणं सोपं आहे, पण मला ते पुरेसं वाटत नाही. नामवंत लेखकाला अधिकारी करून बसवता आलं असतं. हॅमेट अधिकारी झाले नाहीत, खालच्या हुद्द्यावरच राहिले, त्याच झोपड्यांत, त्याच चिखलात. सैनिकाला दिसत होतं की लिहिणारा आपल्यातला आहे. आणि कर्नलला ठाऊक होतं की हा कॉर्पोरल थेट जनरलला उत्तर देतो. खालचा हुद्दा आणि वरचं छत्र हे दोन्ही एकाच माणसाकडे असणं, हाच या प्रकरणाचा गाभा आहे.

दुसरा निर्णय चमूचा. हॅमेटनी निवडलेली माणसं विशीतली होती. त्यात न्यूयॉर्कचा बर्नार्ड काल्ब होता, बिल ग्लॅकिन होता. बर्नार्ड अनास्तासिया, ऑलिव्हर पेडिगो आणि डॉन मिलर हे चित्रं काढत. मिलर जमैकात जन्मलेले, कृष्णवर्णीय. आणखी एक कृष्णवर्णीय सैनिकही चमूत होता. त्या वेळचं अमेरिकी सैन्य वर्णावरून विभागलेलं होतं: तुकड्या वेगळ्या, बराकी वेगळ्या, भोजनगृहं वेगळी. अशा सैन्यात एका टेबलाभोवती गोरे आणि काळे मिळून रोजचं पत्र काढत होते. विनोद कोणाचा, कोणावर आणि कोणी काढलेला, हे प्रश्न त्या खोलीत प्रत्यक्ष माणसांच्या तोंडून निघू शकत होते.

तिसरा निर्णय रोज काढायचं हा. साप्ताहिक चालवणं खूपच सोपं गेलं असतं. पण रोजच्या अंकाने बेटाच्या दिवसाला वेळापत्रक मिळालं. रात्रभर काम चाले: रेडिओवरून बातम्या घ्यायच्या, कापून लहान करायच्या, चित्रं तयार करायची, छापायचं. सकाळी न्याहारीला अंक हजर. युद्ध कुठे पोहोचलं, हे अडाकच्या शिपायाला आदल्या रात्रीपर्यंतचं कळू लागलं. बातमी खरी आणि ताजी, म्हणून शेजारच्या चित्रावरही विश्वास. नुसत्या विनोदाचं पत्रक चाळून टाकलं गेलं असतं, असं मला वाटतं.

चौथी गोष्ट छपाईची. इथे थोडं थांबतो, कारण या पत्राचा चेहराच तिने ठरवला.

पत्र सायक्लोस्टाइलवर निघे. आपल्याकडे शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि साठच्या दशकातली बरीचशी लघुअनियतकालिकं याच यंत्रावर निघाली, त्यामुळे जुन्या पिढीला ते वेगळं सांगायला नको. मेणाचा लेप दिलेला पातळ कागद टंकयंत्रात घालायचा, फीत बाजूला करायची, म्हणजे अक्षराचा खिळा थेट मेणावर बसून तिथे शाई झिरपायला वाट करतो. बोट जोरात पडलं तर गोल अक्षराचा मधला तुकडा निघून येतो आणि अक्षराच्या जागी काळा ठिपका छापला जातो. चूक झाली तर खोडता येत नाही. तिच्यावर लेपाचा थेंब लावायचा, वाळू द्यायचा, मग त्याच जागी पुन्हा टंकायचं. चित्रकाराचं काम आणखी नाजूक. खालून उजेड असलेल्या काचेवर स्टेन्सिल पसरून धातूच्या टोकदार लेखणीने रेघा ओढायच्या. हात हलका पडला तर रेघ उमटत नाही, जड पडला तर कागद फाटतो. काळा भाग भरायला गेलं की शाईचा थबका होतो. छायाचित्राचा तर प्रश्नच नाही. मग स्टेन्सिल रुळावर चढवायचं, एका बाजूने पानं काढायची, उलटून दुसरी बाजू, शेवटी टाचण्या.

या यंत्राला फक्त रेघ कळते. आणि अडाकचं हवामान म्हणजे रेघाच. आडवा पाऊस, वाऱ्याने ताणलेला कोट, चिखलात रुतलेला बूट, पत्र्याच्या झोपडीची कमान, सगळं चार-सहा फटकाऱ्यांत येतं. साधनाची मर्यादा आणि विषय यांचं इतकं जमलेलं क्वचित दिसतं. चित्रांतून १९४५ मध्ये एक संग्रह निघाला, त्याच्या नावातच वारा आणि निथळणं आहे, आणि प्रस्तावना हॅमेट यांची.

पाचवा निर्णय नेम कोणावर धरायचा याचा. बेटावर सगळ्यांना सारखं लागणारं संकट एकच होतं, हवामान. जनरलचाही कोट भिजत होता. म्हणून वारा, चिखल, झोपडी, सुट्टीची वाट पाहणं हे विषय बिनधोक आणि तरीही खरे होते. त्यातून कोणाची मानहानी होत नव्हती, पण कोणाची हलाखी लपवलीही जात नव्हती. ‘सगळं छान चाललंय’ असं भिजलेल्या माणसाला सांगणारं पत्र त्याने चुलीत घातलं असतं.

काय झालं

पत्र रोज निघत राहिलं. हॅमेट एप्रिल १९४५ मध्ये अँकरेजजवळच्या फोर्ट रिचर्डसनला गेले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सैन्यातून मोकळे झाले. इतका काळ रोज चार पानं, तेही त्या हवामानात, हीच मोठी गोष्ट आहे.

मनोधैर्य किती वाढलं, हे आकड्यात मांडता येणार नाही. पण माणसांवर काय परिणाम झाला, ते पुढच्या आयुष्यांत दिसतं. काल्ब नामांकित पत्रकार झाले. पुढे अमेरिकी परराष्ट्र खात्याचे प्रवक्ते असताना, लिबियाबाबत सरकारने खोटी माहिती पेरल्याचं बाहेर आलं, तेव्हा ऑक्टोबर १९८६ मध्ये त्यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला. अडाकवरची नोकरी ही त्यांची पत्रकारितेची पहिली शाळा. ग्लॅकिन सॅक्रामेंटोच्या वर्तमानपत्रात कलासमीक्षक झाले. डॉन मिलर चित्रकार म्हणून नावारूपाला आले. वॉशिंग्टनमधल्या मार्टिन ल्यूथर किंग ग्रंथालयातलं किंग यांच्या जीवनावरचं मोठं भित्तिचित्र त्यांचं आहे.

हॅमेट यांच्याविषयीही सांगायला हवं. त्यांची कादंबरी पुन्हा आली नाही. तरी अडाकवरून पाठवलेल्या पत्रांत ते त्या उजाड बेटाबद्दल मनापासून जिव्हाळ्याने लिहितात. ज्या माणसाचं लेखन दहा वर्षं अडलं होतं, तो रोज रात्री अंक पुरा करत होता. रोजची गरज, ठरलेली वेळ आणि समोर बसलेला वाचक यांनी ते साधलं, असं मला वाटतं. बेटावरच्या पत्राचा फायदा वाचकाइतकाच काढणाऱ्यालाही होतो, आणि आपल्याकडची व्यवस्थापनं हे जमेला धरतच नाहीत.

निर्णयाच्या जागा, आणि वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात नाजूक जागा छत्राची होती. थॉम्प्सन यांची मर्जी होती म्हणून पत्राला मोकळीक होती. मर्जीवर चालणारी गोष्ट बदलीबरोबर जाते. पत्राला काय छापता येईल, तक्रार आली तर कोण आणि किती वेळात निकाल देईल, हे एका पानावर लिहून ठेवणं कठीण नव्हतं. पॅटन-मॉल्डिन प्रकरणातही शेवटी वरून आदेश यावा लागला. दूरच्या ठाण्यावर असं पत्र सुरू करणाऱ्याने पहिल्या अंकाआधी हे पान लिहून घ्यावं. भांडण पेटल्यावर ते कोणी लिहून देत नाही.

दुसरी जागा संपादकाची. पन्नाशीला टेकलेला, फुप्फुसं अधू असलेला माणूस रात्रपाळीच्या केंद्रस्थानी ठेवणं जोखमीचं होतं. चमू तरुण आणि तयारीचा होता. आठवड्यातून एक अंक पाळीपाळीने वेगवेगळ्यांनी पूर्णपणे काढायचा, अशी रीत घालता आली असती. आज हे करणाऱ्यांना माझं सांगणं, पहिल्या महिन्यापासूनच तसं करा.

तिसरी जागा वाचकवर्गाची. याच काळात दक्षिण अटलांटिकमधल्या ट्रिस्टन दा कुन्हा या बेटावर, तिथल्या नौदल ठाण्यावर, अ‍ॅलन क्रॉफर्ड यांनी ‘ट्रिस्टन टाइम्स’ सुरू केलं. तेही घरगुती, साधं. ते तिथल्या रहिवाशांनीही घेतलं, आणि पैशांऐवजी बटाटे देऊन घेता येई. ठाण्यातलं पत्र ठाण्याबाहेर गेलं की विनोदाला वेगळी जबाबदारी येते, कारण शेजाऱ्याला समजेल आणि शेजाऱ्याला लागणार नाही असं लिहावं लागतं. अडाकला शेजारीच ठेवले नव्हते. लक्षद्वीप, अंदमान-निकोबारसारख्या ठिकाणच्या ठाण्यांनी मात्र अडाकपेक्षा ट्रिस्टनकडे पाहावं. तिथे गाव शेजारी आहे.

चौथी जागा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि या प्रकरणाच्या कौतुकात ती मागे पडते. पत्राच्या खोलीत वर्णभेद मोडला. काम बिघडलं नाही, शिस्त ढळली नाही, उलट चित्रं चांगली निघाली. खोलीबाहेर तेच सैनिक वेगळ्या बराकीत झोपायला जात होते. सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा आदेश २६ जुलै १९४८ ला निघाला, अंमल व्हायला आणखी वर्षं गेली. तुकड्यांची रचना वॉशिंग्टन ठरवत होतं, ती थॉम्प्सन यांच्या हातात नव्हती. पण बेटावरचं रेडिओ केंद्र, ग्रंथालय, चित्रपटगृह, भांडाराची कचेरी यांत कोणाला नेमायचं, हे ठाण्याचा प्रमुख ठरवू शकत होता. पत्राचं उदाहरण रोज सकाळी त्यांच्या टेबलावर येत होतं. ते दाखवून यातल्या एका-दोन ठिकाणी तरी तशीच मिश्र नेमणूक करता आली असती.